गाडी तापते केव्हा?

खोपोली मागे पडली की बोर घाटाचा चढ लागतो आणि लोणावळ्यापर्यंत गाडी ५०० मीटरहून अधिक उंची चढते. चार माणसं आणि त्यांच्या बॅगा धरून १,३०० किलो भरणारी गाडी ५०० मीटर वर न्यायची, तर साधारण ६४ लाख जूल ऊर्जा लागते. पेट्रोल इंजिन इंधनातल्या ऊर्जेपैकी ढोबळमानाने पाव हिस्साच कामाला लावतं. बाकीच्या तीन हिश्श्यांची उष्णता होते. त्यातली निम्मी सायलेन्सरवाटे निघून जाते आणि उरलेली, म्हणजे ९० लाख जूल तरी, कूलंटच्या वाट्याला येते. ३० अंशांवरचं ३० लिटर पाणी उकळीला आणायला एवढी उष्णता पुरते. छोट्या गाडीत कूलंट असतं जेमतेम चार ते सहा लिटर. हा हिशेबही नुसत्या उंचीचा झाला. वाऱ्याचा अडथळा, टायरचं घर्षण आणि एसी यांचा भार वेगळाच.

एवढंसं कूलंट हे काम करू शकतं, कारण ते थांबत नाही. इंजिनातून उष्णता घ्यायची, रेडिएटरमध्ये वाऱ्याच्या हवाली करायची आणि परत यायचं, ही फेरी अखंड चालू असते. इंजिन तापलं याचा अर्थ या फेरीतला कुठला तरी टप्पा अडला. कूलंट कमी झालं, ते फिरेनासं झालं, रेडिएटरला वारा मिळेना, किंवा इंजिनच नेहमीपेक्षा जास्त उष्णता सोडू लागलं. पाचवी शक्यता जवळजवळ नाहीच. आणि यातलं काय झालंय, हे गाडी कोणत्या वेळी तापते यावरून बऱ्याच अंशी कळतं. गॅरेजमध्ये ‘काय बदलायचं?’ हा प्रश्न फार लवकर विचारला जातो. माझं ठाम मत आहे की त्याआधी ‘तापते केव्हा?’ हे विचारलं, तर निम्म्याहून अधिक खर्च वाचेल.

पाणी उकळणं हा एकेकाळी बिघाड नव्हता, ती इंजिन थंड ठेवण्याची रीतच होती. कार्ल बेंझच्या पहिल्या मोटारगाडीत पाणी तापून वाफ होऊन उडून जाई आणि ते वरचेवर भरावं लागे. १८८८च्या ऑगस्टमध्ये बर्था बेंझ दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्त्सहाइमला त्या गाडीने गेल्या, तेव्हा वाटेत मिळेल तिथे त्यांना पाणी भरून घ्यावं लागलं. पुढे विल्हेल्म मायबाखने बारीक नळ्यांच्या जाळीचा रेडिएटर केला, १९०१च्या मर्सिडीजला तो बसला आणि तेच पाणी पुन्हा पुन्हा वापरता येऊ लागलं. आजचा रेडिएटर त्याच घराण्यातला आहे.

त्याच्या झाकणाकडे मात्र कुणाचं फारसं लक्ष जात नाही, आणि ते द्यायला हवं. हे झाकण प्रेशर कुकरच्या शिटीसारखं काम करतं. आतला दाब वातावरणापेक्षा साधारण १ बारने जास्त होईपर्यंत ते स्प्रिंगच्या जोरावर घट्ट बसून राहतं. एवढ्या दाबाखाली साधं पाणी १०० ऐवजी सुमारे १२० अंशांना उकळतं. कूलंटमधल्या ग्लायकॉलमुळे उकळबिंदू आणखी काही अंश वर सरकतो. झाकणाचं रबर कडक झालं किंवा स्प्रिंग ढिली पडली की हा दाब टिकत नाही. मग पंखा, पंप, रेडिएटर सगळं ठणठणीत असूनही गाडी घाटात उकळते. त्याच झाकणात उलट दिशेने उघडणारी एक छोटी झडपही असते. इंजिन थंड होताना ती झाकणातून बाहेर पडून बाजूच्या टाकीत साठलेलं कूलंट परत आत ओढून घेते. सकाळी बोनेट उघडल्यावर वरचा होज पाइप चपटा झालेला दिसला, तर ही झडप चिकटली आहे असं समजावं. झाकण काही शे रुपयांत मिळतं. कूलंटच्या तक्रारीत ते तपासण्याआधी कुणी रेडिएटर उतरवायला निघालं, तर त्याला थांबवावं.

रस्त्यात गाडी तापली तर

निदान नंतर, आधी इंजिन वाचवायचं. काटा वर सरकू लागलाय, पण वाफ दिसत नाही, अशा वेळी एसी बंद करा, काचा खाली घ्या आणि हीटर पूर्ण गरमवर ठेवून त्याचा पंखा पूर्ण वेगाने सोडा. मे महिन्यात हे नकोसं वाटेल, पण हीटर म्हणजे डॅशबोर्डमागे बसवलेला छोटा रेडिएटरच आहे, आणि त्यातून जाणारी उष्णता इंजिनातूनच निघते. खालच्या गिअरमध्ये, कमी अ‍ॅक्सिलरेटरवर चढा. एवढ्याने काटा उतरला तर पुढच्या सपाट जागेपर्यंत जाता येतं.

लाल दिवा लागला, किंवा बोनेटच्या फटींतून वाफ दिसली, की पुढचं गॅरेज, पुढचा पेट्रोल पंप किंवा घाटमाथा गाठायचा विचार करू नका. डाव्या कडेला गाडी लावा, इंजिन बंद करा, धोक्याचे दिवे चालू ठेवा. द्रुतगती मार्गावर असाल तर सगळ्यांना उतरवून कठड्यापलीकडे उभं करा. मागून येणारा ट्रक हा तापलेल्या इंजिनापेक्षा मोठा धोका आहे.

आता थांबायचं. अर्धा तास तरी, शक्यतो पाऊण तास. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नये हे सगळ्यांना ठाऊक असतं, तरी दर उन्हाळ्यात कुणाचा तरी चेहरा आणि हात भाजतात. कारण समजलं तर कदाचित हात आवरेल. आत ११५ अंशांचं पाणी केवळ दाबामुळे पाण्याच्या रूपात असतं. झाकण फिरवताच दाब जातो आणि त्यातलं काही पाणी त्याच क्षणी वाफ होतं. एक लिटर पाण्याची वाफ १,६०० लिटरहून जास्त जागा मागते. ती वाफ उरलेलं उकळतं पाणी घेऊन तुमच्या अंगावर येते. म्हणून वरचा होज पाइप जाड फडक्याने दाबून बघा. तो टणक लागत असेल तर आत अजून दाब आहे. मऊ लागला, तर जाड फडकं धरून झाकण पहिल्या खाचेपर्यंतच फिरवा, फुस्स आवाज संपू द्या आणि मगच काढा. काही गाड्यांत इंजिन बंद असतानाही रेडिएटरचा पंखा अचानक सुरू होतो, तेव्हा ओढणी, टाय आणि बोटं त्याच्यापासून लांब ठेवा.

इंजिनावर बाहेरून थंड पाणी ओतू नका. आत पाणी उरलेलं नसेल तर कोरड्या, तापलेल्या हेडमध्ये, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागात, थंड पाण्याची बाटली रिकामी करू नका. धातू एका जागी झपाट्याने आकसतो आणि तडकतो. इंजिन कोमट झाल्यावर थोडं थोडं करत भरा. अडचणीत साधं पाणी चालतं, अगदी पिण्याचंसुद्धा. घरी पोचल्यावर मात्र ते काढून योग्य कूलंट भरायचं आहे, हे विसरू नये.

गाडी कधी कुरकुरते

सिग्नलला, टोलनाक्याच्या रांगेत किंवा पेठेतल्या गर्दीत काटा वर जातो आणि मोकळ्या रस्त्यावर लागताच खाली येतो, अशी तक्रार असेल तर संशय पंख्यावर घ्या. वेगात असताना समोरचा वारा रेडिएटरला आयता मिळतो. उभ्या गाडीला तो पंख्याने ओढावा लागतो. गाडी उभी ठेवून एसी चालू करा. बहुतेक गाड्यांत थोड्याच वेळात पंखा फिरायला लागतो. नाही लागला, तर फ्यूज बघा. मग फ्यूजच्या डब्यातला तशाच क्रमांकाचा दुसरा रिले पंख्याच्या जागी लावून बघा. तरीही नाही, तर मोटरला थेट बॅटरीचा करंट देऊन ती फिरते का ते तपासा. फिरली, तर दोष वायरिंगमध्ये किंवा तापमान मोजणाऱ्या सेन्सरमध्ये आहे. अशा गाडीचा एसीही उभ्या उभ्या गार हवा देईनासा होतो, कारण एसीच्या कंडेन्सरलाही तोच पंखा वारा घालतो. हा दुवा लक्षात आला नाही, तर लोक आधी एसीत गॅस भरून घेतात.

याच्या अगदी उलट तक्रार म्हणजे गावात ठीक, पण घाटात किंवा शंभरच्या वेगाने तापते. इथे वारा भरपूर आहे. कमी पडतोय तो कूलंटचा प्रवाह, किंवा रेडिएटरची उष्णता सोडण्याची ताकद. आधी बाहेरून बघा. कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामध्ये दोन बोटांची फट असते. तिथे चिखल, किडे, वाळलेलं पान, उसाच्या पट्ट्यातल्या गाड्यांत पाचटाचा भुसा असं कायकाय साचतं आणि पुढून पाहिलं तर जाळी स्वच्छ दिसते. ती धुताना पाण्याची धार हलकी ठेवा आणि इंजिनाच्या बाजूने बाहेर मारा. जोराच्या धारेने पत्र्याची नाजूक पानं मुडपतात आणि वाऱ्याची वाट आणखी बंद होते. जाळी साफ असेल तर दोष आतून आहे. इंजिन गरम असताना इन्फ्रारेड थर्मामीटर रेडिएटरच्या पृष्ठभागावरून फिरवला की बुजलेल्या नळ्यांच्या जागी थंड पट्टे सापडतात. दोनपाचशे ते हजार रुपयांचं हे यंत्र प्रत्येक गॅरेजात असायला हवं.

घरातून निघाल्यावर पाचदहा मिनिटांतच काटा लाल पट्ट्याकडे धावत असेल, तर थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकलाय, कूलंट फारच कमी आहे किंवा आत हवा धरली आहे. अशा वेळी वरचा होज चटका बसेल इतका गरम आणि रेडिएटरचा खालचा होज जवळजवळ गार लागतो. काटा एकसारखा वरखाली नाचत असेल तर हवेचे बुडबुडे सेन्सरवरून जात आहेत. आणि काटा वर असतानाच बॅटरीचा दिवाही लागला, तर इंजिनाचा पट्टा तुटला किंवा निसटला असण्याची दाट शक्यता आहे. पुष्कळ गाड्यांत वॉटर पंप आणि आल्टरनेटर एकाच पट्ट्यावर फिरतात. तेव्हा एक किलोमीटरही पुढे जाऊ नये.

काट्याबद्दल एक सावधगिरी. सेन्सर कूलंटमध्ये बुडालेला असेल तोवरच खरं सांगतो. कूलंट इतकं खाली गेलं की सेन्सर उघडा पडला, तर काटा उलट थंडाकडे घसरू शकतो आणि त्याच वेळी इंजिन भाजून निघत असतं. तापलेली गाडी आपोआप थंड झाली असं वाटलं, इंजिनाची ताकद कमी झाली किंवा टकटक ऐकू आली, तर थांबून बघा. अलीकडच्या पुष्कळ गाड्यांत काटाच नसतो. निळा आणि लाल, एवढे दोन दिवे. लाल दिवा लागतो तेव्हा बराच उशीर झालेला असतो. अशा गाडीच्या मालकाने ओबीडीच्या, म्हणजे गाडीच्या संगणकाला जोडायच्या खाचेत बसणारं छोटं उपकरण घ्यावं. फोनवर नेमका आकडा दिसतो. एरवी ८५ ते १०५ अंशांत राहणारी गाडी त्याच रस्त्यावर ११० दाखवू लागली, की दिवा लागण्याच्या आधीच गॅरेज गाठता येतं.

पातेल्यातली परीक्षा

थर्मोस्टॅट ही या सगळ्यातली मला सर्वांत आवडणारी वस्तू, कारण तिला वीज लागत नाही, सेन्सर लागत नाही. पितळी डबीत मेण असतं. ठरावीक तापमानाला ते वितळून फुगतं, मधल्या दांडीला रेटतं आणि झडप उघडून कूलंटला रेडिएटरकडे वाट करून देतं. इंजिन थंड असताना झडप बंद असते, म्हणून ते लवकर गरम होतं.

ती तपासायला गॅरेजही लागत नाही. थर्मोस्टॅट काढून नीट बघा. काठावर ८२ किंवा ८८ असा आकडा कोरलेला असतो. वापरातून बाद झालेल्या पातेल्यात पाणी घ्या, त्यात तो दोऱ्याने टांगा. तळाला टेकू देऊ नका, कारण तळ पाण्यापेक्षा जास्त तापतो. शेजारी थर्मामीटर सोडा आणि मंद आचेवर ठेवा. कोरलेल्या आकड्याच्या आसपास झडपेची कड केसाइतकी उचललेली दिसेल आणि पुढच्या दहाबारा अंशांत ती आठएक मिलिमीटर उघडेल. पाणी खळखळ उकळलं तरी ती हलली नाही, किंवा तिरकी उघडून अडकली, तर नवा घ्या. नवा आणला तरी बसवण्याआधी हीच परीक्षा घ्या.

इथे एका प्रथेविरुद्ध मी आग्रहाने लिहिणार आहे. ‘आपल्याकडची हवा गरम, आपल्याला हा वॉल्व्ह लागतच नाही’ असं म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकणारे पुष्कळ आहेत. गाडी लगेच थंड चालते आणि गिऱ्हाईक खूश होतं. पण इंजिनाला कमी तापमानही मानवत नाही. गाडीचा संगणक इंजिन अजून थंड आहे असं समजून जास्त पेट्रोल सोडत राहतो, सरासरी पडते, ऑइलमधली बाष्पं उडून जात नाहीत आणि त्याचा गाळ होतो. शिवाय काही इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना जवळची बायपासची वाट बंद करतो. तो काढला की ती वाट कायम उघडी राहते, बरंचसं कूलंट रेडिएटरला वळसा घालून थेट इंजिनात परततं, आणि घाटात गाडी पूर्वीपेक्षा जास्त तापते. पंखा ‘डायरेक्ट’ करून देणं हाही त्याच जातीचा उपाय. पंखा सतत फिरतो, त्याच्या मोटरचं आयुष्य घटतं, आणि बिघडलेला सेन्सर तसाच राहतो.

नळाचं पाणी

मराठवाड्यात किंवा सोलापूरकडे बोअरचं पाणी पातेल्याच्या तळाशी जो पांढरा थर धरतं, तोच इंजिनाच्या आत धरतो. हा थर उष्णता अडवतो. सिलिंडरभोवतीचा धातू तापत राहतो आणि कूलंटला त्याची खबर उशिरा लागते. रेडिएटरच्या नळ्या तर इतक्या चपट्या असतात की थोडा क्षारही त्यांना बुजवतो. दर आठवड्याला ‘थोडंसं पाणी’ टाकण्याची सवय म्हणूनच घातक. गळती शोधायची राहते, कूलंट पातळ होत जातं आणि त्यातली गंज रोखणारी द्रव्यं संपतात. बंद यंत्रणेतलं कूलंट उगाच कमी होत नाही. होत असेल तर ते कुठे तरी जातंय.

सामान्यतः निम्मं ग्लायकॉल आणि निम्मं डिस्टिल्ड वॉटर हे प्रमाण ठेवावं, किंवा कंपनीने तयार मिसळलेलं कूलंट घ्यावं. रंग बघून कूलंट निवडू नका. हिरवा, लाल, निळा हे रंग प्रत्येक कंपनी आपल्या मर्जीने देते. गाडीच्या पुस्तिकेत जो प्रकार सांगितला असेल तोच भरा आणि दोन प्रकार एकत्र करू नका. जुनं कूलंट अंगणात किंवा गटारात ओतू नका. इथिलिन ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी असतं. कुत्री-मांजरं ते चाटतात आणि त्यांचं मूत्रपिंड निकामी होतं. लहान मुलांच्या हाती तर डबा लागताच कामा नये.

भरल्यावर हवा काढायची. गाडीचं नाक थोडं चढावर ठेवा, हीटर गरमवर ठेवा, हवा सोडण्याचा स्क्रू असेल तर तो ढिला करा, हळूहळू भरा आणि वरचा होज दाबत राहा. हे काम घाईत उरकलं, तर नवा पंप आणि नवा रेडिएटर बसवलेली गाडीही दुसऱ्या दिवशी तापते आणि दोष भलत्याच भागावर जातो.

गळती शोधताना थेंबच दिसायला हवेत असं नाही. वाळलेल्या कूलंटचा पांढरा, हिरवट किंवा गुलाबी ओघळ शोधा. वॉटर पंपाच्या अंगाला खालून एक बारीक भोक असतं; आतलं सील गेलं की तिथून ओघळ येतो. रेडिएटरच्या प्लास्टिकच्या टाक्या अ‍ॅल्युमिनियमला जिथे दाबून जोडलेल्या असतात, तो जोडही असाच पाझरतो. डाव्या सीटसमोरची चटई ओली, काचेवर धुकं आणि गोडसर वास, असं असेल तर हीटरची जाळी फुटली आहे.

गॅस्केट

बाहेर कुठेच ओघळ नाही आणि तरी कूलंट कमी होतंय, तेव्हा हेड गॅस्केटचा विचार करावा लागतो. सिलिंडरमधल्या ज्वलनाचा वायू २,००० अंशांच्या वर जातो आणि तो कूलंटच्या वाटेपासून अलग ठेवण्याचं काम ही पातळ चकती करते. ती फुटली की वायू कूलंटमध्ये घुसतो. थंड इंजिन चालू करून एकदोन मिनिटांतच, काही गरम होण्याआधी, वरचा होज दगडासारखा कडक होतो आणि टाकीत बुडबुडे थांबत नाहीत. सायलेन्सरमधून पांढरा, गोडसर वासाचा धूर येतो आणि गाडी गरम झाल्यावरही तो जात नाही. ऑइलच्या झाकणाखाली कॉफीच्या रंगाचा फेस दिसतो. पण पावसाळ्यात फक्त जवळच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीतही दमटपणामुळे असा थोडा फेस येतो, त्यामुळे एवढ्यावरून हेड उघडू नये. खात्रीची परीक्षा रसायनाची आहे. रेडिएटरच्या तोंडावरची हवा निळ्या द्रवातून ओढतात. त्यात ज्वलनाचा वायू असेल तर द्रव पिवळा पडतो.

गॅस्केट उडालं असेल, तर नुसती चकती बदलून काम होत नाही. अ‍ॅल्युमिनियम तापल्यावर बिडाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं. अ‍ॅल्युमिनियमचं हेड बिडाच्या ब्लॉकवर बोल्टने जखडलेलं असतं, त्यामुळे जास्त तापल्यावर त्याला मोकळं पसरता येत नाही आणि ते वाकतं. पुष्कळ छोट्या इंजिनांत ०.०५ मिलिमीटरच्या आसपासचाच वाक चालतो. डोळ्यांना तो दिसत नाही. म्हणून हेड उतरवल्यावर मेकॅनिकसमोर उभं राहा. त्याने हेडवर पोलादी सरळपट्टी लांबीत, रुंदीत आणि दोन्ही कर्णांवर ठेवून खालून फीलर गेज घालून दाखवायला हवा, आणि ब्लॉकवरही तेच. वाक निघाला तर हेड मशीन शॉपला जातं. तिथे दाब देऊन तडा नाही ना हे आधी बघतात, कारण तडकलेल्या हेडला घासून सपाट करण्यात पैसे वाया जातात. ज्या इंजिनांचे हेड बोल्ट एकदाच ताणण्यासाठी केलेले असतात, तिथे ते नवेच लागतात आणि कंपनीने दिलेल्या क्रमाने, दिलेल्या ताणानेच आवळावे लागतात. आणि मूळ कारण, मग तो पंखा असो, पंप असो की झाकण, त्याच बिलात दुरुस्त झालेलं असायला हवं. नाहीतर नवं गॅस्केट पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा उडेल.

गाडी घरी आल्यावर पुढचे तीन-चार दिवस सकाळी, इंजिन पूर्ण गार असताना, टाकीतली पातळी बघा आणि तिथे मार्करने रेघ मारून ठेवा. पहिल्या दिवशी थोडी उतरली तर आतली हवा निघाली, भरून घ्या. त्यानंतरही रेघेखाली जात राहिली, तर गाडी त्याच गॅरेजला परत न्या आणि निळ्या द्रवाची परीक्षा पुन्हा करायला सांगा.